जगलेल्या निवट्यांचा पंचनामा

शिमगा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी साडेसहाला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "मॅडम, खाडी पांढरी झालीय. लवकर या." पोरगा भोई घरातला. बी.एस्सी. झाल्यावर नोकरीच्या मागे न लागता वडिलांबरोबर होडीवर जायला लागलेला. तो उगाच फोन करणाऱ्यातला नव्हे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पोचले तेव्हा ओहोटी नुकतीच लागली होती. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, त्यामुळे पाण्याला ओढ कमी. बोय, शिंगटी, काळुंदर, बोटभर लांबीची चोणकाची पिल्लं पोट वर करून कांदळवनाच्या मुळांत अडकली होती. काही बोय अजून जिवंत होत्या, तोंडं पाण्यावर काढून हवा ओढत होत्या. पाण्याला रॉकेलसारखा नव्हे, पण ओल्या रंगाच्या डब्यासारखा वास होता. तासाभरात चिखल उघडा पडायला लागला आणि त्यावर निवट्या, चिखलात बिळं करून राहणारे लहान मासे, बाहेर आल्या. नेहमीसारख्याच बागडत होत्या, डोळे वर काढून. मेलेल्या माशांपासून हातभर अंतरावर.

पंचनामा दुपारी झाला. पाण्याचे नमुने घ्यायला माणसं आली ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. तोवर भांगाच्या का होईना, तीन ओहोट्या होऊन गेल्या होत्या. महिन्याभराने अहवाल आला: सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, सगळं मर्यादेत. अहवाल खोटा होता असं मी म्हणत नाही. त्यांनी जे पाणी बाटलीत भरलं ते खरंच तसं असणार. पण ज्या पाण्याने मासे मारले ते त्या वेळी खाडीच्या मुखाबाहेर, समुद्रात होतं.

अहवालाची प्रत घेऊन मी त्या मुलाच्या वडिलांकडे, काकांकडे, गेले. त्यांनी ती हातात घेतलीही नाही. जाळं शिवता शिवता म्हणाले, "मेली ती मेली, बाई. जगली त्यांचा पंचनामा कोन करनार?"

या प्रकरणाची सुरुवात माझ्या लेखी त्या वाक्यापासून होते. पुढची दोन वर्षं आम्ही जे केलं, जिथे चुकलो आणि जिथवर पोचलो, ते इथे लिहिते आहे. खाडीचं नाव मुद्दाम देत नाही. त्याचं कारण पुढे येईल, आणि ते कारणही या प्रकरणाचाच भाग आहे. कोकणात रासायनिक वसाहतीच्या अंगणात असलेल्या खाड्या काही एक-दोन नाहीत. रोह्याजवळ धाटाव आणि कुंडलिका, महाड आणि सावित्री, लोटे-परशुराम आणि दाभोळची खाडी. यापैकी कुठल्याही काठावरच्या वाचकाला ही हकिगत ओळखीची वाटेल.

मासा जिवंत आहे, एवढं पुरे?

काकांचा प्रश्न साधा वाटला तरी तो थेट कायद्याच्या वर्मावर बोट ठेवतो. सांडपाण्याच्या तपासणीत आपल्याकडे माशांना साक्षीला बोलावलं जातंच. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत एक जैवचाचणी आहे: प्रक्रिया केलेलं सांडपाणी न पातळ करता टाकीत घ्यायचं, त्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. मला ही तरतूद आवडते. आकड्यांच्या जंगलात कुणीतरी एका जित्या जिवाला विचारायचं ठरवलं, ही मोठी गोष्ट आहे. पण विचारलं काय, तर फक्त "आहेस का गेलास?" चार दिवसांनी तो पोहतो आहे, एवढ्यावर साक्ष संपते. त्याच्या पेशींत काय मोडलं, याची नोंद कुणी घेत नाही.

आणि मोडतं ते पेशीच्या केंद्रकात. सहा-मूल्यी क्रोमियम, कॅडमियम, आर्सेनिक, जळक्या तेलातली बहुचक्री हायड्रोकार्बनं, काही रंगद्रव्यांतून सुटणारी अरोमॅटिक अमाइनं ही डीएनएला इजा करणारी रसायनं आहेत. यातली काही थेट वार करतात. काहींना माशाचं यकृतच धारदार करतं. उदाहरणार्थ, बेंझोपायरीन पोटात गेलं की शरीर ते बाहेर टाकण्यासाठी त्याचं रूप बदलायला घेतं, आणि त्या खटपटीत तयार होणारं मधलं रसायन डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन चिकटतं. मासा मरत नाही. पोहतो, खातो, अंडी घालतो. दुरुस्ती करणारी विकरं झालेली बरीचशी इजा भरूनही काढतात. जी भरून निघत नाही ती पेशीविभाजनाच्या वेळी उघड होते.

ती दिसते कशी, हे सांगायला माशाच्या रक्तापर्यंत यावं लागेल. माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, माशाच्या असतं. लंबगोल पेशी, मधोमध लंबगोल केंद्रक, भाताच्या दाण्यात दाणा ठेवावा तसं. पेशी विभागताना एखाद्या गुणसूत्राचा तुकडा मोडून मागे राहिला, किंवा गुणसूत्रं ओढणारे धागे बिघडल्यामुळे अख्खं गुणसूत्रच रेंगाळलं, तर नव्या पेशीत मुख्य केंद्रकाशेजारी एक चिमुकलं वेगळं केंद्रक बनतं. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. मुख्य केंद्रकाच्या एक-तृतीयांशाहून लहान, त्याला न चिकटलेलं, त्याच रंगाचं. पेशी जिवंत असेपर्यंत ते तिथेच राहतं. नाल्यातलं पाणी वाहून जातं, ही खूण मात्र रक्तात काही काळ फिरत राहते.

ही तपासणी नवी नाही. उंदरांच्या अस्थिमज्जेत सूक्ष्मकेंद्रकं मोजून औषधांची पारख करायची पद्धत १९७० च्या दशकात बसली. माशांच्या रक्तात ती वापरून दाखवली हूफ्टमन आणि द रात या डच संशोधकांनी, १९८२ मध्ये. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत गोड्या पाण्यातल्या माशांवर या प्रकारचं काम झालेलं आहे. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही तपासणी परवडते. काचपट्ट्या, मिथेनॉल, गिम्सा रंग आणि ऑइल इमर्शनचं भिंग असलेला सूक्ष्मदर्शक. हे तालुक्याच्या कॉलेजातही असतं.

निवटीच का

पहिला विचार बोयचा झाला. बोय सगळीकडे मिळते, अंगाने मोठी, रक्त काढायला सोपी. पण काका हसले. "बोय काय एका जाग्यावर राहनारी मासली हाय? आज हितं, उद्या दर्यात." खरंच आहे. बोय अंडी घालायला समुद्रात जाते आणि भरतीबरोबर खाडीत कुठवरही चढते. तिच्या रक्तात काही सापडलं तर ते कुठल्या पाण्याचं, हे कोण सांगणार? ज्याला पहारेकरी नेमायचं तो जागा सोडून जाणारा नको.

निवटी जागा सोडत नाही. तिचं बीळ ठरलेलं असतं आणि ओहोटीला ती त्या बिळाच्या आसपासच चरते. चरते कशी, हे एकदा गुडघाभर चिखलात उभं राहून बघावं: डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत, चिखलावरची तपकिरी-हिरवी साय ओठांनी खरवडत ती पुढे सरकते. मागे चिखलावर कमानीसारख्या खुणा उमटत जातात. ती साय म्हणजे डायटम शेवाळ, आणि त्यात मिसळलेला अगदी बारीक गाळ. धातू आणि तेलातली हायड्रोकार्बनं या बारीक गाळालाच धरून बसतात. म्हणजे खाडीत जे जे साठतं ते निवटी रोज चाटते.

आणखी एक कारण त्या सकाळचं. मासे मेले ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्याने. तोंडं वर काढून धापा टाकणाऱ्या बोयी तेच सांगत होत्या. निवटी ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते, म्हणून ती वाचली. काकांच्या प्रश्नातली "जगली ती" हीच.

जागा निवडणं मात्र मासा निवडण्याहून अवघड गेलं. पुस्तकात लिहिलेलं असतं: प्रदूषित जागेची तुलना नदीच्या वरच्या, स्वच्छ जागेशी करा. खाडीत हे चालत नाही. वर जावं तसं पाणी गोडं होत जातं आणि निवट्या संपतात. खाली जावं तर समुद्र. शिवाय क्षार बदलले की माशाच्या शरीरावर ताण वेगळा पडतो आणि रक्तही बदलतं. म्हणून आम्ही शेजारची एक लहान खाडी घेतली, जिच्या पाणलोटात कारखाना नाही. भरतीच्या वेळचा खारेपणा दोन्हीकडे साधारण सारखा येईल अशी जागा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन शोधली. मुख्य खाडीत दोन जागा धरल्या: एक सांडपाणी जिथे उतरतं त्याच्या खालच्या अंगाला, दुसरी तिथून बरीच खाली, जिथे तळातली वाळू उपसणारे पंप चालतात.

कारखाना नसलेली खाडीदेखील निर्मळ असते असं नाही. तिच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांवर हापूसच्या बागा आहेत. मोहोर आल्यापासून फवारण्या सुरू होतात, आणि अवेळी पाऊस पडला तर ते सगळं वहाळाने खाडीत येतं. फवारणीतल्या सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांनी माशांच्या रक्तपेशींत सूक्ष्मकेंद्रकं वाढल्याचं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणून नमुने वर्षातून दोनदा घ्यायचे ठरले: पावसाळा सरल्यावर, फवारणीआधी एकदा, आणि एप्रिलअखेर एकदा. निवट्या घेतल्या त्या धरणाऱ्यांकडूनच, साधारण एका लांबीच्या. एरवी त्या बाजारातच जाणार होत्या.

ठिपके

पहिल्या फेरीचं सांगताना आजही मला संकोच वाटतो, पण ते सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही.

एम.एस्सी.च्या चार मुली आणि मी. शेपटीजवळच्या शिरेतून, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन लावलेल्या सुईने थेंबभर रक्त, काचपट्टीवर थेंब, दुसऱ्या पट्टीच्या कडेने एका दमात पसरवायचं. मिथेनॉलमध्ये दहा मिनिटं, मग गिम्सा. पट्ट्या वाळल्या आणि आम्ही मोजायला बसलो. पहिल्याच दिवशी खोलीत गडबड उडाली. सांडपाण्याजवळच्या निवट्यांत सूक्ष्मकेंद्रकंच सूक्ष्मकेंद्रकं. जांभळ्या केंद्रकाशेजारी गडद ठिपका, पेशीमागून पेशी. मी त्या रात्री नीट झोपले नाही. काकांना काय सांगायचं, कुणाला पत्र लिहायचं, मनात मजकूर तयार होत होता.

तिसऱ्या दिवशी एका मुलीने मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. वर्गात ती फारशी बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, ठिपके पेशींच्या बाहेरपण आहेत."

मी डोळा लावला. दोन पेशींच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे काहीच असायला नको, तिथे तसेच गडद ठिपके. बारीक फोकसचा स्क्रू अलगद फिरवला. केंद्रक धूसर झालं आणि ठिपका चमकून स्पष्ट झाला. म्हणजे तो पेशीत नव्हताच, पेशीवर बसला होता. खरं सूक्ष्मकेंद्रक मुख्य केंद्रकाच्याच पातळीवर दिसतं, त्याच्याबरोबर स्पष्ट होतं, त्याच्याबरोबर धूसर होतं, आणि चमकत नाही. मग शेजारच्या स्वच्छ खाडीच्या पट्ट्या काढल्या. त्यांतही ठिपके होते, आणि आम्ही तेही मोजले होते.

चूक रंगाची होती, आणि ती माझी होती. रंगाचा सामू ६.८ वर स्थिर ठेवणाऱ्या बफरच्या गोळ्या संपल्या होत्या. मी मुलींना विहिरीच्या पाण्यात गिम्सा पातळ करायला सांगितलं होतं आणि रंग गाळूनही घेतला नव्हता. रंगाचे कण पेशींवर बसले. माझ्या डोळ्यांना जे हवं होतं ते त्यांनी त्या कणांत पाहिलं. मला प्रदूषण सापडायलाच हवं होतं, इतकं की मी पेशीच्या बाहेर पाहिलंच नाही. पत्र पाठवलं असतं आणि कुणी जाणकाराने एक पट्टी मागवली असती, तर त्या खाडीतल्या माणसांचं म्हणणं पुढची दहा वर्षं कुणी ऐकून घेतलं नसतं.

सगळी फेरी रद्द केली. त्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्यांदा त्याच दाखवते.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. प्रत्येक माशाच्या दोन पट्ट्या. एक गाळलेल्या गिम्सात, ताज्या बफरमध्ये. दुसरी फॉयल्गन पद्धतीने. रॉबर्ट फॉयल्गनने १९२४ मध्ये दिलेली ही रंगवण्याची पद्धत बी.एस्सी.च्या मुलांनाही माहीत असते: गरम हायड्रोक्लोरिक आम्लात पट्टी ठेवायची, मग शिफ अभिकर्मक, आणि किरमिजी रंग फक्त डीएनएला चढतो. रंगाचा कण, कचरा, कशाशीही घोटाळा नाही. गिम्सात दिसलेला प्रकार फॉयल्गनमध्येही दिसला तरच आम्ही तो मानायचा असं ठरलं.

याहून मोठा बदल मोजण्यात केला. प्रयोगशाळेतल्या मदतनीस दादांनी सगळ्या पट्ट्यांवरच्या जागेच्या नावांवर कागद चिकटवून आकडे घातले आणि यादी स्वतःच्या कपाटात ठेवली. मोजणाऱ्याला पट्टी कुठली ते कळता कामा नये. प्रत्येक पट्टी दोघींनी स्वतंत्र मोजायची, माशामागे २००० पेशी. सूक्ष्मकेंद्रकं मुळातच दुर्मीळ असतात, हजार पेशींमागे एखाद-दुसरं सापडलं तरी पुष्कळ. कमी पेशी मोजल्या तर निव्वळ नशिबाचा आकडा हाती येतो. केंद्रकाला आलेले फुगवटे, खाचा, कप्पे यांची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवली, कारण ती लक्षणं अजून वादातली आहेत आणि ती मिसळली की आकडा फुगतो. शेकड्याने शून्यं असलेल्या आकड्यांना सरासरीचं गणित लावणंही बरं नव्हे. सांख्यिकीच्या सरांनी क्रमांकावर चालणारी मान-व्हिटनी चाचणी लावायला सांगितली.

काय दिसलं, काय नाही

एप्रिलच्या फेरीची यादी दादांनी कपाटातून काढली तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं.

शेजारच्या खाडीतल्या निवट्यांत शोधून शोधून डोळे दुखले तरी एखादंच सूक्ष्मकेंद्रक. सांडपाण्याच्या खालच्या अंगाच्या निवट्यांत ती स्पष्टपणे जास्त. पहिल्या फेरीत दिसली होती तशी पेशीमागून पेशी नव्हेत. मोजकी, पण जवळपास प्रत्येक माशात, आणि फॉयल्गनच्या पट्टीतही. हा फरक चाचणीत टिकला. वाळूच्या पंपांजवळची जागा मध्ये पडली. आकडे वरच्या बाजूला झुकलेले, पण फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येईल इतके नाहीत. आणि पावसाळ्यानंतरच्या फेरीत तिन्ही जागांमधला फरक जवळजवळ मावळला.

ही शेवटची ओळ लिहायला मुली तयार नव्हत्या. "मॅडम, मग लोक म्हणतील काहीच नाही." मी ती लिहायला लावली. माझ्या समजुतीने तिचा अर्थ असा: चार महिने सह्याद्रीवरून आलेलं पाणी खाडी खंगाळून काढतं, वरचा गाळ वाहून जातो आणि सापडणाऱ्या निवट्यांत त्या वर्षीच्या नव्या पिढीचा भरणा असतो. ऋतूबरोबर फरक मावळतो आणि उन्हाळ्यात पुन्हा येतो, याचा अर्थ साठवण कोरड्या महिन्यांत होते. त्यामुळे सांडपाण्याची तपासणी कुठल्या महिन्यात करायची, हा प्रश्न उभा राहतो. काहीच नाही असं नव्हे, उन्हाळ्यात बघा असं ते रक्त सांगत होतं.

वाळूच्या पंपांजवळचं कोडं मात्र सुटलेलं नाही. गाळ खणला की त्यात पुरलेलं पुन्हा वर येतं, हे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ब्लॅक नदीत चांगलंच दिसलं आहे. तिथला दगडी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना १९८३ मध्ये बंद झाल्यावर तळाशी राहणाऱ्या ब्राउन बुलहेड माशांतले यकृताचे कर्करोग घटले. १९९० मध्ये गाळ उपसला तेव्हा ते पुन्हा वाढले. आमच्या मधल्या जागेत तसंच काही असेल का? शक्य आहे. पण तिथेच होड्या लागतात, इंजिनाचं जळकं तेल तिथेच सांडतं. निवटीचं रक्त कारखान्याचं तेल आणि होडीचं तेल वेगळं ओळखत नाही. काकांना मी हे तसंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आमचं बी मोजा."

या तपासणीची मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात व्हाइट क्रोकर या आपल्या ढोम्याच्या कुळातल्या माशावर १९९० मध्ये झालेल्या अभ्यासात प्रदूषण आणि सूक्ष्मकेंद्रकं यांचा मेळ बसलाच नव्हता. मासा, ऋतू, वय, रंगवण्याची पद्धत, यातलं काहीही चुकलं तर साक्ष फिरते. आणि सूक्ष्मकेंद्रक दोषीचं नाव घेत नाही. कुठलं रसायन, कुठला नाला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गाळाची रासायनिक तपासणी हवी, ती आमच्या आवाक्याबाहेरची.

जोडीला धूमकेतू चाचणी करता आली असती तर पुष्कळ उलगडलं असतं. एकेक पेशी अगारोजच्या जेलीसारख्या थरात बसवून, तिची आवरणं विरघळवून, विद्युतप्रवाह सोडायचा. तुटलेला डीएनए पुढे ओढला जातो आणि धूमकेतूच्या शेपटीसारखा चमकतो. आज जगभर वापरतात ते तिचं अल्कलीतलं रूप एन. पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दिलं. तिथे दिसणारी तुटफूट ताजी असते, पेशी ती दुरुस्त करू शकते. सूक्ष्मकेंद्रक म्हणजे दुरुस्तीची वेळ टळून गेलेली इजा. दोन्ही एकत्र पाहिल्या तर घाव कालचा की जुना हे कळतं. आमच्याकडे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक नाही, म्हणून अर्धीच गोष्ट हाती आहे.

पाटी

निकाल गावात सांगायचा ठरला. देवळाच्या सभामंडपात वीस-पंचवीस माणसं. मी फळ्यावर पेशी काढली, ठिपका काढला. पुरुष माना डोलवत होते. मागे खांबाला टेकून बसलेल्या एक काकी उठल्या. रोज सकाळी तालुक्याच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसतात त्या.

"गो बाय, तुजा कागद पेपरात आला का दुसऱ्या दिवशी माजी पाटी तशीच घरला येनार. कारखानेवाला नाय उपाशी मरनार. मी मरनार."

मी अवाक झाले. दोन वर्षं मी माशाचा, पेशीचा, रंगाचा विचार केला होता, पाटीचा केला नव्हता. खाडीचं नाव आणि "माशांत आनुवंशिक बिघाड" हे शब्द एका मथळ्यात आले की गिऱ्हाईक त्या खाडीच्या पाटीकडे बघत नाही. ज्यांचं नुकसान मोजायला गेलो त्यांचंच पहिलं नुकसान आमच्या हातून व्हायचं.

म्हणून तिथेच दोन गोष्टी समजावून सांगितल्या, आणि इथेही सांगते. माशाच्या रक्तातलं सूक्ष्मकेंद्रक खाणाऱ्याला लागत नाही. मोडलेला डीएनए पोटात पचतो, जसा कुठल्याही भाजीचा, मांसाचा डीएनए पचतो. मासा खायला चांगला की वाईट हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी त्याच्या मांसातले पारा, कॅडमियम, शिसं मोजावे लागतात, आणि ते आम्ही मोजलेलं नाही. निवटीचं रक्त खाडीच्या तब्येतीबद्दल बोलतं, ताटाबद्दल नाही. काकींनी ऐकून घेतलं. पण म्हणाल्या, "ह्ये तू माका सांगतेस. बाजारात कोन सांगनार?"

त्या बरोबर होत्या. नाव न घालता लिहायचं हे तेव्हा ठरलं. सगळ्या तपशिलासह अहवाल संबंधित कार्यालयाला दिला, गावच्या नावाने, सरपंचांच्या सहीने. उत्तर आलं की सदर चाचणी विहित मानकांत समाविष्ट नाही. वस्तुस्थिती तीच आहे, आणि मला त्याबद्दल राग येण्यापेक्षा वाईट वाटतं. मानकात ९६ तासांची टाकी आहे. त्याच टाकीतल्या जगलेल्या माशांच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायला वेगळी इमारत लागत नाही. मोजकी रसायनं, एक सूक्ष्मदर्शक आणि न घाई करणारा माणूस लागतो. सूक्ष्मकेंद्रकं दिसायला पेशी विभागावी लागते, त्याला काही दिवस जातात, म्हणून चार दिवसांची टाकी थोडी वाढवावी लागेल आणि जोडीला खाडीतले मासे ठरावीक महिन्यांनी बघावे लागतील. हीच मागणी आम्ही दुसऱ्या पत्रात लिहिली आहे. मासे मेल्यावर पाण्याचा नमुना किती तासांत घ्यायचा, तेही गावाने त्यात घातलं आहे: पहिल्या ओहोटीच्या आत. त्यासाठी चार घरांत निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाचा डबा ठेवलेला आहे, आणि बाटली कशी भरायची ते त्या जुन्या विद्यार्थ्याने सगळ्यांना शिकवलं आहे.

उत्तराची वाट बघताना मोजणं थांबवलेलं नाही. होड्यांच्या धक्क्याजवळ चौथी जागा धरली आहे, काकांच्या सांगण्यावरून. निवट्या आता काकीच आणून देतात. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी निरोप येतो, कारण उधाणाची ओहोटी पहाटे लांबवर जाते आणि बिळं उघडी पडतात. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला चिखल, त्यावर तिवराची पानं, आत निवट्या. डब्यावर जागेचं नाव त्या लिहू देत नाहीत. चिंधीच्या रंगावरून जागा ओळखायची: लाल, हिरवी, पिवळी आणि धक्क्याची पांढरी. कुठल्या रंगाची कुठली जागा, ते त्यांना आणि दादांच्या कपाटातल्या यादीला माहीत आहे. मोजणाऱ्या मुलींना नाही.